टकलाचा साडेतीन हजार वर्षांचा इतिहास आणि भाच्याचे नव्वद हजार

पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा. ज्यांच्या घरात विशी-पंचविशीतला मुलगा आहे त्यांनी तर जरूर वाचा.

मागच्या रविवारी मोठ्या बहिणीचा मुलगा आला होता. वय २६, खासगी कंपनीत नोकरी, मे महिन्यात लग्न. चहा होईपर्यंत गप्प बसला आणि मग मोबाइल माझ्यापुढे सरकवला. एका मोठ्या शहरातल्या हेअर ट्रान्सप्लांट सेंटरचं कोटेशन होतं. ३,००० ग्राफ्ट, ३० रुपये ग्राफ्ट, एकूण ९०,००० रुपये. म्हणाला, "मामा, शनिवारपर्यंत बुक केलं तर पीआरपी फुकट देतो म्हणतात. हप्त्यावरही करून देतात. करू का नको, एवढंच सांगा."

मी सवयीनं डोक्यावरून हात फिरवला. माझा हात आता कपाळापासून मानेपर्यंत विनाथांबा जातो, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. म्हणजे सल्ला मागायला माणूस त्यानं बरोबर निवडला होता. याच वयात मी ७ बाटल्या तेल, २ प्रकारच्या गोळ्या आणि एका ओळखीच्याने दिलेला कसलातरी हिरवा लेप एवढा खर्च केलेला आहे. तेव्हा माझा पगार सांगण्यासारखा नव्हता, तरी केला.

त्याला म्हटलं, बाबू, मला आठ दिवस दे. बातमीदाराला आठ दिवस दिले की तो जुनी कात्रणं काढतो. मीही तेच केलं, आणि वाचता वाचता मागे जात जात थेट इजिप्तमध्ये पोचलो.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो, कारण आमच्या भागात टकलाचा विषय निघाला की ती निघतेच. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक झडायला लागले होते. बाया, माणसं, पोरं, सगळेच. हात लावला की केस हातात, तीन-चार दिवसांत टक्कल. वाहिन्यांनी लगेच 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं. आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या कामामुळे जगाला माहीत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुढे बहुतेकांचे केस परत येऊ लागले. ते प्रकरण वेगळं आणि भाच्याचं दुखणं वेगळं. त्याचे केस कुणी विषानं पाडलेले नाहीत. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत चाललेत, टाळूवर विरळ होताहेत. त्याच्या वडिलांचे असेच गेले, माझे असेच गेले. पुरुषांचं हे नेहमीचं टक्कल, आणि याच्यावरच्या उपायांचा इतिहास फार जुना आहे.

किती जुना? इजिप्तमध्ये सापडलेला एबर्स पपायरस नावाचा वैद्यकाचा ग्रंथ इसवी सनापूर्वी साधारण १५५० सालचा. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात टकलावर पाणघोडा, मगर, साप, बोका, रानबोकड यांची चरबी एकत्र करून डोक्याला चोळायला सांगितलेली आहे. आपल्याकडे सुश्रुताने टकलाला इंद्रलुप्त, खालित्य अशी नावं दिली आणि त्याची गणना क्षुद्ररोगांत केली. क्षुद्ररोग! ज्याचे केस जातात त्याला विचारा क्षुद्र आहे का ते. सुश्रुताचं म्हणणं असं की पित्त वाताबरोबर केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडतं आणि मग कफ आणि रक्त ती छिद्रं बुजवून टाकतात, म्हणून नवा केस येत नाही. त्या काळाच्या साधनांनी केलेली ही मांडणी मला आदर वाटावा अशीच वाटते, कारण माणूस निदान 'का' असं विचारतोय. पण उपायांत हस्तिदंताची राख आणि गुंजेचा लेप आहे. गुंज विषारी असते, उगाच कुणी घरी करून बघू नका. एक गंमत दिसते मात्र. इकडे हत्ती, तिकडे मगर आणि पाणघोडा. टक्कल म्हटलं की माणसाला साधं औषध पटतच नाही. मिळायला अवघड आणि ऐकायला जबरदस्त असं काहीतरी लागतं. आजच्या जाहिरातीतलं 'हिमालयातल्या ५१ दुर्मिळ जडीबुटी' हे त्याच घराण्यातलं आहे.

ग्रीसच्या हिपोक्रेटिसला वैद्यकाचा जनक म्हणतात. त्याच्या नावावर कबुतराच्या विष्ठेचाही उपाय सांगतात. पुतळ्यांमध्ये तरी त्याच्या डोक्यावर टक्कलच दिसतं, म्हणजे उपायाचा गुण काय आला ते समजून घ्या. पण याच माणसाच्या नावावरच्या सूत्रांमध्ये एक ओळ अशी आहे जी नुसत्या निरीक्षणातून आली आणि खरी निघाली. वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, असं त्यात नोंदवून ठेवलंय. त्याला हार्मोन माहीत नव्हते. त्याने फक्त बघितलं आणि लिहून ठेवलं. या एका निरीक्षणाचा अर्थ लागायला पुढे दोन हजारांवर वर्षं जावी लागली. मधल्या काळात सीझर मागचे केस पुढे ओढून घ्यायचा आणि डोक्यावर पानांचा मुकुट घालायला मिळतो याचा त्याला मोठा आनंद होता, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. जग जिंकलेला माणूस, पण भांग पाडताना त्याची अवस्था आमच्या भाच्यासारखीच.

आपल्या पणजोबांना हा त्रास झाला का? टक्कल तर तेव्हाही पडत होतं. पण पूर्वी आपल्याकडे डोकं उघडं ठेवून कोणी बाहेर पडत नसे. पगडी, पागोटं, फेटा, नंतर टोपी. उघड्या डोक्याने चारचौघांत जाणं हेच वाईट दिसायचं. त्यातून अनेक जातींत डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे शेंडी किंवा घेरा ठेवायची रीत, म्हणजे पुढचं टक्कल न्हावीच करून द्यायचा. पोरीच्या बापानं मुलाचे केस पाहिले असं काही नव्हतं, जमीन आणि घर पाहिलं. टोपी गेली, फोटो आला, बायोडेटाला फोटो चिकटवायची पद्धत आली आणि मग टक्कल ही अडचण झाली. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि तोही डोक्याच्या वर धरून फोटो काढायचा. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

अडचण झाली की बाजार येतो, आणि युरोप-अमेरिकेत तो आपल्याआधी आला. फ्रान्सच्या तेराव्या लुईचे केस तरुणपणी गेले, त्याने विग घातला आणि दरबाराने राजाची नक्कल करत ती फॅशनच करून टाकली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रोलंड नावाच्या न्हाव्याचं मॅकॅसर तेल इतकं खपलं की लोकांच्या डोक्याचे तेलकट डाग खुर्चीला लागू नयेत म्हणून पाठीवर टाकायच्या कापडालाच 'अँटिमकॅसर' नाव पडलं. (आपल्या तहसील कचेरीत साहेबांच्या खुर्चीवर जो पांढरा टॉवेल असतो, त्याचा हा आजोबा असावा असा मला संशय आहे.)

अमेरिकेत सदरलँड नावाच्या सात बहिणी होत्या. सगळ्यांचे केस मिळून ३७ फूट भरायचे. त्या आधी गाण्याचे कार्यक्रम करायच्या, पण लोक गाणं ऐकायला कमी आणि केस बघायला जास्त यायचे. बापाने केसवाढीचं औषध काढलं, बहिणींना दुकानाच्या खिडकीत पाठमोरं बसवलं, आणि लाखो डॉलरचा धंदा झाला. बघणाऱ्याला वाटायचं, या औषधानेच वाढले असणार. कुणी विचारलं नाही की, बाई, हे औषध निघायच्या आधी तुमचे केस किती होते? आज इन्स्टाग्रामवर ज्याच्या डोक्यावर जन्मजात जंगल आहे तो हिरो तेलाची बाटली घेऊन उभा असतो, तेव्हा मला त्या सात बहिणीच आठवतात. १९३० च्या दशकात क्रॉस्ली या रेडिओ बनवणाऱ्या कंपनीने 'झर्व्हॅक' नावाचं यंत्र काढलं. हेल्मेटसारखं डोक्यावर घालायचं, ते हवा ओढायचं आणि सोडायचं, त्याने म्हणे रक्त वर येऊन केस उगवणार. लोकांनी पैसे भरून डोकी त्यात घातली.

आता इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विकणारे विकत असताना तिकडे काही माणसं हिपोक्रेटिससारखी नुसती बघत होती आणि मोजत होती.

१९४२ साली अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन या शरीरशास्त्रज्ञाने काही कारणाने वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांचा अभ्यास छापला. त्यांना टक्कल नव्हतं. त्यांपैकी काहींना पुरुषी हार्मोन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले, ज्यांच्या घराण्यात नव्हतं त्यांचे राहिले. म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. घराणं, वय आणि पुरुषी हार्मोन. 'टोपी घालतो म्हणून', 'हेल्मेटमुळे', 'बोअरच्या पाण्यामुळे', 'रक्ताभिसरण कमी आहे म्हणून' हे सगळं तिथेच संपायला हवं होतं. आमच्या कटिंगच्या दुकानात अजून संपलेलं नाही. पुढे कळलं की टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं आणखी जोरकस हार्मोन बनतं, आणि ज्यांची केसांची मुळं त्याला हळवी असतात त्यांचा केस प्रत्येक फेरीत आधीपेक्षा बारीक उगवतो. शेवटी तो लव होऊन जातो. केस 'झडून' टक्कल पडतं असं आपण म्हणतो, खरं तर केस बारीक होत होत टक्कल पडतं. मागची आणि कानाजवळची मुळं हळवी नसतात, म्हणून तिथली झालर शेवटपर्यंत राहते.

त्या झालरीवरच ट्रान्सप्लांट उभं आहे. जपानमध्ये १९३९ साली शोजी ओकुडा या डॉक्टरांनी भाजलेल्या जागी केसांसकट त्वचेचे छोटे गोल तुकडे लावून दाखवले होते. महायुद्ध पेटलं आणि ते काम जपानी भाषेतच पडून राहिलं. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइच यांनी स्वतंत्रपणे तेच केलं आणि १९५९ साली छापलं. त्यांनी दाखवून दिलं की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मागचा स्वभाव सोडत नाही, टिकतो. तेव्हाचे तुकडे मोठे असायचे, त्यामुळे बाहुलीच्या डोक्यासारखे झुपके दिसायचे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एकेक केसपुंज सुटा करून लावायची पद्धत आली आणि काम नैसर्गिक दिसू लागलं. म्हणजे ट्रान्सप्लांट खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. चांगल्या हातांनी, योग्य माणसावर केलं तर ते उत्तम दिसतं. पण नवा केस कुणीही निर्माण करत नाही. या शेतातलं रोप उपटून त्या शेतात लावणं आहे, आणि रोपवाटिका मर्यादित आहे. २६ व्या वर्षी सगळी रोपं पुढे लावून टाकली आणि चाळिशीपर्यंत मधलं रान उजाड होत गेलं, तर पुढे एक झुडपांची रांग आणि मागे मैदान असं दिसतं.

औषधांची गोष्ट आणखी मजेची. मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध नव्हतंच. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने ते रक्तदाबासाठी काढलं होतं. कोलोरॅडो विद्यापीठात रुग्णांना गोळ्या देताना दिसलं की नको तिथे केस उगवताहेत, गालावर, हातावर. गिंटर कान या त्वचारोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने त्याचं द्रावण करून स्वतःच्याच अंगावर लावून पाहिलं. आले केस. मग कंपनी आणि डॉक्टर यांच्यात पेटंटवरून वाद झाला, तो १९८६ पर्यंत चालला. १९७९ साली रक्तदाबाची गोळी बाजारात आली आणि १९८८ साली डोक्याला लावायचं औषध मंजूर झालं. कंपनीला त्याचं नाव 'रिगेन', म्हणजे परत मिळवणं, असं ठेवायचं होतं. सरकारी औषध प्रशासनाने सांगितलं, नाही, यातून जास्तीचं आश्वासन जातं. म्हणून ते अमेरिकेत 'रोगेन' झालं. एका अक्षरावर अडणारं प्रशासन आपल्याला कधी मिळेल?

दुसरं औषध फिनास्टेराइड. त्याची वाट डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या खेड्यातून जाते. तिथे काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची, मुली म्हणूनच वाढायची आणि वयात आल्यावर मुलगे व्हायची. डॉ. ज्युलियन इम्पेरॅटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली त्याचं कारण छापलं. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एन्झाइम कमी होतं. ही माणसं मोठी झाली तरी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहायची आणि डोक्यावरचे केस मागे हटत नव्हते. मर्क कंपनीने यावरून ते एन्झाइम अडवणारी गोळी केली. १९९२ साली प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम, १९९७ च्या डिसेंबरमध्ये केसांसाठी १ मिलिग्रॅम. एका खेड्यातल्या लोकांचं दुखणं कुणीतरी तुच्छतेने न हसता नीट मांडून पाहिलं, त्यातून हे आलं.

मोजणाऱ्या माणसांचा एक गुण असतो, ते स्वतःच्या औषधाचे दोषही मोजतात. फिनास्टेराइडच्या मोठ्या चाचण्या दीड हजारांवर पुरुषांवर झाल्या. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना साधी. दोन वर्षांनी खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांचे मोजलेल्या जागेतले केस टिकून होते, साध्या गोळीवाल्यांपैकी २८ टक्क्यांचे. आता हे २८ बघा. काहीही न घेता चारातल्या एकाहून जास्त माणसांचे केस दोन वर्षं टिकले! या माणसांना तुम्ही कोणतंही तेल दिलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं, की तेलाने टिकले. 'माझ्या साडूला फरक पडला' या वाक्याचा पाया एवढाच असतो. त्यात डेंग्यू, टायफॉइड, कोविड यांचं वेगळंच. ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप येतात. नेमकं त्याच काळात माणूस तेल लावत असतो. श्रेय तेलाला.

दोषांचंही सांगतो, कारण औषध दुकानातल्या पोराला विचारून हे घेणारे आपल्या गावात आहेत. त्याच चाचण्यांत कामेच्छा कमी झाल्याची तक्रार गोळी घेणाऱ्यांत १.८ टक्के आणि साधी गोळी घेणाऱ्यांत १.३ टक्के होती. म्हणजे फरक छोटा, पण आहे. नंतर काहींनी गोळी बंद केल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलं, इशाऱ्यात ते जोडलं गेलं. २०२५ च्या मे महिन्यात युरोपच्या औषध संस्थेच्या समितीने आत्महत्येचे विचार येणं हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं, तो किती वेळा होतो हे ठरवता येत नाही असंही सांगितलं. ज्याला आधीपासून नैराश्याचा त्रास आहे त्याने डॉक्टरला हे सांगायलाच हवं. गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळायची नाही. पुढे वय झाल्यावर प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी करायची वेळ आली तर ही गोळी चालू आहे हे सांगायचं, कारण तिच्यामुळे तो आकडा निम्मा दिसतो. मिनॉक्सिडिलमध्ये सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात, घाबरून लोक नेमकं तेव्हाच सोडतात. फरक दिसायला चार महिने तरी लागतात. आणि दोन्हींचं एक सारखं, घेताय तोवर आहे. थांबलात की काही महिन्यांत जे टिकलं होतं ते जातं. रक्तदाबाच्या गोळीसारखं समजा.

हे 'घेताय तोवर' कुठल्याही पोस्टरवर तुम्हाला दिसणार नाही. तिथे 'कायमस्वरूपी', 'मुळापासून', 'गॅरंटीसह' असतं.

बरं, असं लिहायला आपल्या देशात परवानगी आहे का? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ मध्ये 'शेड्यूल जे' नावाची एक यादी आहे. ज्या दुखण्यांवर आमचं औषध रामबाण आहे असा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही, अशा दुखण्यांची ती यादी. त्यात कॅन्सर आहे, एड्स आहे, आणि टक्कलही आहे. नवे केस उगवण्याचा दावाही त्यात आहे. अमेरिकेने १९८९ साली असाच निर्णय केला की दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कुठल्याही औषधाने केस उगवण्याचा किंवा केस जाणं थांबवण्याचा दावा करायचा नाही, कारण पुरावा कुणाकडेच नाही. मिनॉक्सिडिललाही ती सवलत पुढे १९९६ साली मिळाली, तीही पुरावा दाखवल्यावर. आपल्याकडे नियम कागदावर आहे आणि एसटी स्टँडच्या प्रत्येक खांबावर त्याच्या विरुद्ध पोस्टर आहे. मी २० वर्षं बातमीदारी करतोय, या यादीखाली आमच्या तालुक्यात एक कारवाई झाल्याची बातमी मी लिहिलेली नाही. यात माझाही दोष धरा. जाहिरात आमच्याच पेपरला येते.

मोठ्या कंपन्या हुशार. त्या औषध म्हणतच नाहीत, 'हेअर ऑइल' म्हणतात. जाहिरातीत ठळक 'केसगळती कमी' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'केस तुटल्यामुळे होणारी'. भिंग घेऊन वाचा एकदा. खोबरेल तेलाबद्दल मात्र एक खरं सांगायला हवं. २००३ साली पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी अभ्यास छापला, त्यात खोबरेल तेलाने केसातलं प्रथिन कमी धुपतं असं दिसलं. म्हणजे आहे तो केस नीट राहतो. आजी डोक्याला तेल चोपडायची ते वाया जात नव्हतं. पण मुळाशी हार्मोनचं जे चाललंय त्याला खोबरेल, माका, जास्वंद यांतलं काही अडवत नाही.

तेलाने नुकसान होतं ते बहुतेक खिशाचं, तेही नेहमीच नाही. २०२५ च्या मार्चमध्ये पंजाबात संगरूरला टक्कल घालवायचं शिबिर भरलं, तेल लावून घेतलेल्या साठ-सत्तर लोकांना डोळे सुजून दवाखान्यात जावं लागलं. सुरीचं प्रकरण आणखी गंभीर. २०१६ मध्ये चेन्नईत ट्रान्सप्लांटनंतर एक तरुण गेला, तो स्वतः डॉक्टरकीचं शिकत होता. २०१९ मध्ये मुंबईत एक व्यावसायिक गेला. एका बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. त्याच वर्षी 'बाला' सिनेमा आला. कानपूरचा, टक्कल पडत चाललेला पोरगा, आपण सगळे हसलो. आणि त्याच कानपुरात २०२५ मध्ये उघड झालं की एकाच दवाखान्यात ट्रान्सप्लांट करून घेतलेले दोन अभियंते काही महिन्यांच्या अंतराने गेले. ज्यांच्यावर गुन्हा दाखल झाला त्या दातांच्या डॉक्टर असल्याचं पोलिसांनी सांगितलं.

दिल्लीतल्या अशाच एका मृत्यूचं प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ट्रान्सप्लांट म्हणजे पार्लरचं काम नाही, त्याचं शिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने किंवा प्लास्टिक सर्जननेच करायचं, तंत्रज्ञ फक्त देखरेखीखाली मदत करेल, अतिदक्षतेची सोय हाताशी हवी. यूट्यूब बघून किंवा कार्यशाळेला बसून ही पात्रता येत नाही, असंही त्यात स्पष्ट आहे. मी भाच्याला त्या कोटेशनवर सर्जनचं नाव दाखव म्हटलं. कोटेशनवर सेंटरचं नाव होतं, सेलिब्रिटीचा फोटो होता, 'काउन्सेलर' मॅडमचा मोबाइल नंबर होता. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक नव्हता.

शनिवारी संध्याकाळी तो परत आला. एवढं सगळं त्याला सांगितलं, मगरीच्या चरबीसकट. हसला. मग मी कॅलेंडर काढलं आणि बोटावर मोजून दाखवलं. आत्ता फेब्रुवारी. लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गळून पडतात, हे सगळेच खरे सर्जन सांगतात. मूळ आत राहतं, नवा केस तीन-चार महिन्यांनी डोकं वर काढतो, नीट दिसायला नऊ महिने ते वर्ष. म्हणजे मेमध्ये मांडवात उभा राहशील तेव्हा आजच्यापेक्षा वाईट दिसशील, आणि वर हप्ता चालू.

तो बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिला. "हे त्यांनी सांगितलंच नाही, मामा. मी लग्नाची तारीख पण सांगितली होती त्यांना."

सोमवारी तो अकोल्याला त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन आला. त्यांनी डोकं भिंगातून पाहिलं, घरात कुणाकुणाला आहे ते विचारलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. ट्रान्सप्लांटचं नंतर बघू म्हणाले, आधी वर्षभर आहेत ते टिकतात का पाहू. लावायचं द्रावण सुरू केलंय. गोळीचं फायदे-तोटे समजावून दिले आणि लग्न ठरलेलं आहे तर दोघं बोलून ठरवा म्हणाले. डॉक्टरची फी आणि औषध धरून दोन हजारांच्या आत आलं. बारीक कटिंग करून घे, असंही सांगितलं, ते मात्र त्याला अजून पटलेलं नाही.

त्या सेंटरचा फोन काल परत आला होता म्हणे. त्याची ऑफर खास पुढच्या शनिवारपर्यंत वाढवलीय.